खर्जाच्या पेटीची घोडी

सारंगखेडा, ता. शहादा
२ जानेवारी १९६२

शांतीलाल,

रामराम. यात्रा आटोपली. घोडेवाले गेले, पाळणे उतरले, नदीकाठी आता नुसती लीद आणि पत्रावळी. आमचा सिनेमाचा तंबू अजून उभाच आहे, कारण तो उतरवायचा कोणालाच उत्साह नाही. मला तर नाहीच.

तू सिनेमा सोडून नवापूरच्या वखारीत बसलास त्याला दोन वर्षं होत आली. तुला नावं ठेवत नाही. रोज एका छपराखाली झोपावं असं मलाही वाटतं. पण तू होतास तेव्हा तंबूत पार मागच्या बाकावर बसायचास, हात वर-खाली करायचास, आणि मी मशीनपाशी तसा आवाज वाढवायचो, उतरवायचो. आता मशीनही माझ्याकडे आणि मागं जाऊन ऐकून येणंही माझ्याकडे.

यंदा सुरतेच्या एका बंद पडलेल्या थेटरातून आवाजाची मोठी पेटी आणली. भोंग्यातून नुसता चिरका आवाज येतो, असं तू नेहमी म्हणायचास. या पेटीत खर्ज आहे. हात लावला तर आतला कागद लोहाराच्या भात्यासारखा हलताना कळतो. पण मागं काही पोचत नाही. पडद्यामागं जमिनीवर ठेवून पाहिली, मग डांबराच्या रिकाम्या पिंपांवर ठेवून पाहिली. मागची माणसं मध्यंतराच्या आधीच उठतात. बायका पोरं कडेवर घेऊन निघून जातात. ऐकूच येत नसेल तर बसतील कशाला?

तेव्हा मला एक घोडी पाहिजे. घडी घालून ट्रकमध्ये टाकता येईल आणि पेटीचं वजन सोसेल अशी. उखा तुला आठवत असेल, काठीकडचा भिल्ल, तुझ्या वेळी खुंट्या ठोकायला आला होता. आता माझा सगळा भार त्याच्यावरच आहे. पेटी आम्ही दोघं उचलतो तरी त्याच्या कपाळाच्या शिरा फुगतात. तुझ्याकडे सागवान आहे, सुतार आहे. कशी करावी ते कळव.

धनूवहिनींना नमस्कार.

गिरधर


नवापूर
८ जानेवारी १९६२

गिरधर,

तुझं पत्र आधी धनूच्या हाती पडलं. तिनं “मला एक घोडी पाहिजे” एवढंच वाचलं आणि शेजारणीला सांगून आली, “यात्रा सरनी, मंग आते कशी घोडी सुचनी त्यास्ले?” मी वखारीतून आलो तेव्हा निम्म्या गल्लीला तुझी काळजी लागलेली होती. सुताराच्या घोडीबद्दल लिहिलंय हे पटवून देता देता जेवण थंड झालं.

इकडे बरं आहे म्हणायचं. भुसा छातीत बसतो, संध्याकाळी खोकला काढतो. तंबूत होतो तेव्हा वाटायचं, एका जागी राहिलं की थकवा जाईल. थकवा जागा बदलतो, बस.

आता घोडीचं. लोखंडी करून घेऊ नकोस. लोहार करून देईल, स्वस्तही पडेल, पण खर्ज वाजला की लोखंड झणझणतं आणि नायक बोलताना मागं कोणी भांडी घासतंय असं वाटतं. पिंपं तर मुळीच नकोत, ती स्वतःच घुमतात. सागाचीच करू. कातरीसारखे उघडणारे पाय, मधे खिट्टी, वर फळीची चौकट, आणि चौकटीला गोणपाट, म्हणजे पेटी सरकणार नाही.

उंचीबद्दल माझं मत ऐक. पेटी जमिनीला टेकली की खर्ज फुगतो आणि शब्द त्यात चिखलासारखा रुततो. म्हणून थोडी उचलायची. पण फार उचललीस तर उलट होईल. खर्जाला जमिनीचा आधार लागतो, तो सुटला की आवाज पातळ होतो. गुडघ्याएवढी पुरे. खाली पाय रुंद ठेवता येतील, वाऱ्यालाही भिणार नाही. कळवलंस की लाकूड काढतो.

शांतीलाल


शहादा
१४ जानेवारी १९६२

शांतीलाल,

आज संक्रांत. तिळगूळ पत्रातून पाठवता येत नाही, पण गोड बोल एवढं सांगतो, कारण मी तुझं अर्धंच ऐकणार आहे.

सागाची, कातरी पायांची, हे कबूल. गुडघ्याएवढी मात्र नको. गुडघ्याएवढ्या घोडीवर पेटी ठेवली तर पुढच्या रांगेतल्या पोरांच्या पोटात आवाज जाईल. मला छातीएवढी पाहिजे. डोक्यांवरून आवाज गेला पाहिजे.

तू म्हणतोस खर्ज पातळ होईल. पातळ व्हायला आधी तो असायला हवा. काल मी मशीन उखाकडे देऊन मागच्या कनातीपाशी उभा राहिलो. चित्रातला म्हातारा बाप मरताना मुलाशी काहीतरी बोलत होता. पुढच्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या आणि माझ्यापर्यंत नुसती त्याच्या ओठांची हालचाल. तसाच पुढं जाऊन आवाज आणखी वाढवला. तरी लोक उठलेच.

तंबू उभारायचा आणि उतरवायचा यातच सगळा हंगाम जातो. मंगला म्हणते, भावांबरोबर केळीत लक्ष घाला. माझ्या भावांना पाणी कुठल्या वाफ्यात गेलं ते कळतं, मला कळत नाही. मला एवढंच येतं. तेव्हा हे तरी नीट झालं पाहिजे.

छातीएवढी कर.

गिरधर


नवापूर
३० जानेवारी १९६२

गिरधर,

घोडी तळोद्याच्या ट्रकवर चढवली आहे. सोबत दोन जादा खिट्ट्या आणि गोणपाट.

उघडल्यावर तू रागावशील, म्हणून आधीच लिहितो. कमरेएवढी केली आहे. तुझं छातीएवढं आणि माझं गुडघ्याएवढं, यांच्या मधे. सुतारानंही मान हलवली होती. तो म्हणाला, एवढं वजन छातीएवढं चढवायचं तर दर वेळी माणसांना खांद्यापर्यंत उचलावं लागेल, आणि उतरवताना अंदाज चुकला की संपलं. उचलणारा उखा आहे, सुतार नाही आणि मीही नाही, हे मनात आलं.

पाय पूर्ण उघडले की खिट्टी आरपार घाल. अर्धी घालून पेटी ठेवू नकोस. जमीन भुसभुशीत असेल तर पायांखाली फळकुटं दे.

धनूला पुन्हा दम्याचा त्रास होतोय. लाकडाचा भुसा माझ्या कपड्यांतून घरात येतो असं डॉक्टर म्हणाले. आता अंगणातच कपडे उतरवतो.

शांतीलाल


तळोदे
९ फेब्रुवारी १९६२

शांतीलाल,

घोडी पोचली. काम सुरेख आहे, खोटं बोलणार नाही. उखानं तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, “हाई ते लगीनना पाट शे.” घडी घातली की एकटा बगलेत मारून नेतो.

पण जमलं नाही. कमरेएवढी उंच करून आवाज होता त्यापेक्षाही कमी झाला. मी रोज मागं जाऊन ऐकतो. उखाला विचारलं तर तो म्हणतो, “चांगला शे, सेठ.” त्याला काय, मी विचारीन त्याला तो चांगलंच म्हणणार.

काल एक गृहस्थ तिकिटाच्या खिडकीपाशी येऊन माझ्यावर बरेच रागावले. इंजिन चालू होतं, सगळं कळलं नाही, पण कानाकडे बोट दाखवत होते. मागं बसले असणार. मी हात जोडले आणि म्हणालो, उंच घोडी मागवतो आहे.

तुला मी छातीएवढी सांगितली होती. तू तिथं नाहीस, मी आहे. पायांना जोड दे. वखारीत बसून मला शिकवू नकोस, एवढं मागणं आहे.

इथून नंदुरबार, मग खांडबारा. होळीआधी उखाला घरी सोडायचं आहे. काठीच्या होळीचा त्याचा नवस आहे, यंदा कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधून तो नाचणार. पाळणी आत्ताच सुरू केली आहे त्यानं, खाटेवर झोपत नाही, स्वतःची भाकर स्वतः भाजतो. तो गेला की आठ-दहा दिवस तंबू बंद. त्याआधी मला ही पेटी लावून घ्यायची आहे.

गिरधर


नवापूर
१५ फेब्रुवारी १९६२

गिरधर,

जोडपाय पाठवले. खांडबाऱ्याला स्टेशनवर उतरवून घे. जुन्या पायांना खालून बसतात, दोन्हीकडून खिट्टी आहे. आता घोडी छातीएवढी होईल.

मला हे पटलेलं नाही. पण तू तिथं आहेस आणि मी नाही, हे खरंच आहे. म्हणून लाकूड कापलं.

शांतीलाल


सारंगखेडा
१७ फेब्रुवारी १९६२

शांतीलालभाऊंना मंगलाबाईचा नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहायची कधी वेळ आली नव्हती. चौथीपर्यंतच शिकले, चुकलंमाकलं समजून घ्या. हे पत्र लिहिल्याचं त्यांना सांगू नका.

मागच्या आठवड्यात ते एक दिवस घरी येऊन गेले. तुमच्या नावानं कुरकुर करत होते, घोडी बुटकी केली म्हणून. मी सगळं ऐकून घेतलं. भाऊ, घोडीत काही नाही. त्यांना ऐकू येत नाही.

पावसाळ्यापासून डावा कान वाहतो. लसणाचं तेल कोमट करून घालते, दोन दिवस बरं वाटतं. मी विचारते, भाकर वाढू का, तर म्हणतात, बैल भिलानं बांधले. आधी मला वाटलं थकले आहेत, लक्ष नाही. मग मी एकदा त्यांच्या पाठीशी उभी राहून हाक मारली. पुन्हा मारली. ते पानाला चुना लावत बसले होते, लावतच राहिले.

यात्रेत मी बायकांमधे बसून सिनेमा पाहिला होता. पार मागं बसले होते. आवाज एवढा की माझ्या मांडीवरचं भावजयीचं पोर दचकून दचकून रडायला लागलं. शेवटी उठून बाहेर गेले. आमच्यासारख्या कितीजणी उठल्या. घरी आल्यावर ते म्हणाले, “मागं आवाज पोचतच नाही, बाया उठून जातात.” मी पोराला घेऊन आत गेले. काय बोलणार होते?

माणूस आयुष्यभर आवाजात राहिला. त्याला कसं सांगू? तुम्ही मित्र आहात. तुमचं ऐकतील, कान असतील तेवढ्यानं. उंच घोडी मात्र देऊ नका.

मंगलाबाई


नवापूर
२१ फेब्रुवारी १९६२

गिरधर,

घाईत लिहितो. जोडपाय लावू नकोस. त्या लाकडात ओल राहिली आहे असं सुतार आता सांगतो. वाळलं की खिट्टीचं भोक मोठं होईल आणि पाय निसटेल. तोवर घोडी आहे तशीच कमरेएवढी वापर. मी दुसरे पाय करून स्वतः घेऊन येतो. धनूचा श्वास जरा बसला की लगेच निघतो.

माझी वाट बघ.

शांतीलाल


खांडबारा
२६ फेब्रुवारी १९६२

शांतीलाल,

तुझं पत्र मिळालं, पायही मिळाले. लाकूड वाळलेलं आहे. नख लावून पाहिलं, वास घेऊन पाहिला, दोन पाय एकमेकांवर वाजवून उखाला विचारलं. तो म्हणाला, टणक आवाज आहे. तुझ्याबरोबर मी काय कमी तंबू उभारले? ओलं लाकूड मला कळतं.

तुला उंची पटत नाही हे सरळ लिहायचं होतंस, लाकडावर ढकलायचं नव्हतं. असो. मला रागही येत नाही आता. दोन-तीन दिवसांत तंबू उभा होईल, तेव्हा बघू.

गिरधर


चिंचपाडा, मिशन हॉस्पिटल
३ मार्च १९६२

शांतीलाल,

तू लिहिलं होतंस आणि मी ऐकलं नाही.

परवा दुपारी तंबू उभा राहिला, मग घोडी उभी केली. छातीएवढी झाली. उखा पुढून, मी मागून, अशी पेटी चढवली. ती चौकटीवर अर्धी टेकली होती. मागच्या पायाची खिट्टी घालायची राहिली होती, ती खाली गवतात पडलेली. पेटीवरचा एक हात काढून मी ती घ्यायला वळलो. वळून परत बघतो तो पेटी घोडीवर नव्हती. उखाच्या मांडीवर होती, आणि उखा खाली.

तो ओरडला नाही. निदान मी ऐकलं नाही. चेहरा राखेसारखा झाला होता त्याचा. त्याला बैलगाडीत घातलं, स्टेशनवर आणलं, गाडी मिळाली म्हणून बरं. मांडीचं हाड मोडलं आहे. इथं पाय वर टांगून वजन लावलं आहे. डॉक्टरसाहेब म्हणतात, जगायची चिंता नाही, पण पाय थोडा आखूड राहील. होळी तर गेलीच.

त्यानं मला एकदाही दोष दिला नाही. फक्त विचारलं, होळीला किती दिवस आहेत. मी सांगितलं. तो तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला.

तुझं लाकूड ओलं होतं. मला कळायला हवं होतं. नख लावून पाहिलं होतं मी. कसं कळलं नाही?

गिरधर


नवापूर
७ मार्च १९६२

मंगलावहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र मला मिळालं तेव्हा जोडपाय गाडीत चढून गेले होते. ते लावू नयेत म्हणून मी गिरधरला लाकूड ओलं असल्याचं खोटं लिहिलं. तुमचं नाव घ्यायचं नव्हतं आणि कानाचं लिहायचा धीर झाला नाही. त्याला लाकूड कळतं, हे मी विसरलो. पुढचं तुम्हाला समजलंच असेल. काल मी चिंचपाड्याला जाऊन आलो, तिथं जे झालं ते तुम्हाला कळलं पाहिजे.

गिरधर व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. मी समोरून गेलो म्हणून त्याला दिसलो. जरा सरकला, जागा केली. मी शेजारी बसलो. मग डॉक्टरसाहेब आले, त्याच्या डाव्या बाजूनं. त्यांनी विचारलं, “पेशंटच्या घरी कळवलं का?”

गिरधर म्हणाला, “पेज घेतली थोडी सकाळी.”

डॉक्टर थांबले. माझ्याकडे बघितलं. मग सावकाश त्याच्या मागं गेले आणि साध्या आवाजात म्हणाले, “गिरधरभाऊ, तुमच्या खांद्यावर मुंगळा आहे.” तो बसून राहिला. डॉक्टरांनी त्याला हाताला धरून आत नेलं, कानात दिवा लावून पाहिलं. डाव्या कानाचा पडदा गेला आहे. उजव्याचा जायच्या वाटेवर आहे. वाहणं थांबवता येईल म्हणाले, तेल पूर्ण बंद करा. गेलं तेवढं परत येईल असा भरवसा त्यांनी दिला नाही. मुंबईला ऑपरेशन होतं, पण त्याचीही खात्री नाही.

हे सगळं त्यांनी त्याच्या उजव्या कानाशी वाकून, मोठ्यानं सांगितलं. वॉर्डातली माणसं माना वळवून बघत होती.

बाहेर आल्यावर त्यानं मला विचारलं, “म्हणजे मागं ऐकू जात होतं?”

मी होकारार्थी मान हलवली.

“लोक उठून का जायचे मग?”

“आवाज सोसवत नव्हता म्हणून.”

त्यानं हातातली टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, “तुला माहीत होतं.”

“पाय पाठवल्यावर कळलं.”

“आणि लाकूड?”

“लाकूड चांगलं होतं, गिरधर. पाय सरकला.”

वहिनी, तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो उठला आणि उखाच्या खाटेपाशी गेला. मी मागोमाग गेलो. त्यानं उखाला विचारलं, “पेटी पडताना तू मला काही म्हणालास का? खरं सांग.”

उखानं माझ्याकडे पाहिलं. मी काय खूण करणार होतो? तो हळूच म्हणाला, “वरडनू ना सेठ. पाय सरकी ऱ्हायना, धरी ठेवा, म्हनू. तुम्हनी पाठ व्हती.”

गिरधर पुढं वाकला. “काय?”

उखानं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. त्याला बोलताना कळ येत होती. गिरधरला तेही नीट लागलं नाही. त्यानं माझ्याकडे तोंड केलं आणि वाट बघत राहिला. मग तेच, पाय सरकतोय, धरून ठेवा असं उखा ओरडला होता, हे मला तिसऱ्यांदा, त्याच्या उजव्या कानात सांगावं लागलं.

तो खाटेच्या कडेवर बसला. उखाच्या चांगल्या पायावर हात ठेवून बसला. मी गाडीची वेळ झाली म्हणून निघालो, खरं तर वेळ झाली नव्हती.

निघताना एवढंच म्हणाला, की उखाच्या भावाला, दलसिंगला, कोणीतरी कळवायला हवं. नवस दुसऱ्यानं फेडला तर चालतो असं उखा म्हणतो, पण वेळेत निरोप गेला पाहिजे. निरोप मी पाठवतो म्हणालो. तर म्हणाला, “नको. मी जातो.”

तुमच्या पत्राचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. आता तुम्हीच सांगा, उजव्या बाजूनं.

तुमचा
शांतीलाल


सारंगखेडा
२८ मार्च १९६२

शांतीलाल,

मी काठीला जाऊन आलो. आल्यावर चार दिवस नुसता पडून होतो, म्हणून पत्राला उशीर.

अक्कलकुव्यापर्यंत एस.टी., पुढं मिळेल ते, आणि शेवटी पायी. डोंगर चढताना वाटलं, उखा दर वर्षी एवढं चालून माझ्या तंबूच्या खुंट्या ठोकायला यायचा आणि मी कधी विचारलं नाही की कुठून येतोस.

दलसिंग मोठा भाऊ आहे त्याचा. मी सगळं सांगितलं. पेटी, घोडी, कान, काही ठेवलं नाही. तो दारात उभा राहून ऐकत होता. मला वाटलं मारील. मारलं असतं तर मी काही बोललो नसतो. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. मग काहीतरी म्हणाला. मी उजवा कान पुढं केला, तेव्हा पुन्हा म्हणाला, “जित्ता शे ना?” मी म्हणालो, हो, जिवंत आहे.

नवस त्यानं उचलला. पाळणीचे थोडेच दिवस उरले होते, ते त्यानं पाळले. मला राहा म्हणाले. परतायची ताकद नव्हती म्हणून राहिलो. उखासाठी आणून ठेवलेले भोपळे आणि घुंगरं दलसिंगच्या कमरेला बांधली, डोक्यावर मोरपिसं. त्याला ते नीट बसत नव्हतं, उखा अंगानं बारीक आहे.

पहाटे होळी पेटली. पाड्यापाड्याचे ढोल आले होते. एकेक ढोल माणसानं पोटावर घेतला की माणूस दिसू नये एवढा. माझ्या पायाखालची माती हलत होती, हे मला कळत होतं. छातीतही काहीतरी धडकत होतं. पण कानात, नदीपलीकडे कोणी पिंजारी कापूस पिंजत असावा, तेवढंच.

दलसिंग नाचून माझ्यापाशी येऊन थांबला तेव्हा मी त्याला विचारलं, “ढोल एवढे हळू का वाजवतात?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. घामानं भिजला होता, अंगावरची राख ओघळली होती. माझ्या खांद्यावर हात ठेवून जरा वेळ उभा राहिला आणि पुन्हा नाचायला गेला.

तोपर्यंत डॉक्टरांनी सांगितलेलं, तू सांगितलेलं, मी मानलं होतं. पण मला ते तिथं कळलं.

तंबू, मशीन, इंजिन, सगळं शिरपूरचा एक जण घेतो आहे. जे येईल त्यातलं निम्मं उखाचं, हे मंगलाशी बोलून ठरवलं. त्या माणसाला पेटी चालवून दाखवली. मी आवाज किती ठेवू ते त्यालाच विचारलं. घोडीचे जोडपाय काढून टाकले आणि तू आधी सांगितली होतीस तेवढी, गुडघ्याएवढी, ती कापून घेतली इथल्या सुताराकडून. काम तुझंच आहे, कापताना वाईट वाटलं.

उखाच्या पायाचं वजन काढलं की घरी आणतो, आमच्या ओसरीवर राहील चालता येईपर्यंत. त्याला भेटायला गेलो तेव्हा त्यानं होळीचं विचारलं. मी सगळं सांगितलं, मी ढोलाबद्दल काय विचारलं तेही. तो हसला. अपघातानंतर पहिल्यांदा हसला.

लाकडाबद्दल मी विचार करत होतो. तू मला कान गेला असं लिहिलं असतंस तर मी पत्र फाडलं असतं, आणि पाय लावलेच असते. म्हणजे खरं लिहूनही तेच झालं असतं. असं म्हणून मी तुला सोडवतोय की स्वतःला, ते मला कळत नाही. तू ये एकदा. पत्रात हे नीट होत नाही. मोठ्यानं बोलावं लागेल, एवढं लक्षात ठेव. धनूवहिनींना बरं असेल तर त्यांनाही आण, नदीकाठी हवा मोकळी आहे.

मंगलानं तिच्या पत्राचं सांगितलं. आता ती जेवताना माझ्या उजव्या बाजूला बसते. एकच गोष्ट दोनदा सांगायचा तिला कंटाळा येतो, मलाही “काय?” म्हणायचा कंटाळा येतो. तरी बसते. काल मी विचारलं, भाकर वाढतेस का. ती म्हणाली, केव्हाची वाढली आहे.

गिरधर